दस्त्याचा तुकडा

"अहो, त्या बंदुकीची काय आतडी काढताय?"

हे सोप्यात चटईवर बसले होते. मांडीवर बाराबोर आडवी, नळी मोडून उघडी, आणि खांद्याला टेकायच्या दस्त्याच्या बुडाचं रबर काढून बाजूला ठेवलेलं. रबराखाली दोन बोटं जाडीचा शिसवी तुकडा होता. यांचे हात लांब, म्हणून माझ्या सासऱ्यांनी तो मुद्दाम बसवून घेतलेला. त्याचे स्क्रू हे अंगठ्यानं चाचपून काढत होते.

"तुकडा काढतोय. दस्ता लांब पडतो."

"इतकी वर्षं पडला नाही तो?"

"माणूस म्हातारपणी आखडतो, हौसा. खांदापण दुखतो."

"आखडलात कुठं? कालच फळीवरची लोणच्याची बरणी उभ्याउभ्या काढून दिलीत. खांदा तेव्हा काय गावाला गेला होता?"

हे हसले, पण हात थांबला नाही. स्क्रूची खाच अंगठ्याला लागली की तिथं पेचकस टेकवायचे, फिरवायचे. डोळे समोरच्या भिंतीवर.

मी आत निघून गेले. आणखी बोलले असते तर जे बोलायचं नव्हतं तेच तोंडून निघालं असतं. खांदा यांचा ठणठणीत होता. गेले होते ते डोळे.

दोन्ही डोळ्यांतलं मधलं दिसणं गेलं होतं. कडेचं दिसायचं. म्हणून गावात चालताना कुणाला संशय येत नसे. पण पानातली भाजी सोडून यांचा घास रिकाम्या जागी जायचा. पेपर धरायचे आणि पान उलटायचं विसरायचे. सांगलीच्या डॉक्टरकडे एकटेच जाऊन आले. "चष्मा बदला म्हणाला," एवढंच सांगितलं, आणि चष्मा काही बदलला नाही. ते बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. भाजी तेवढी भाकरीजवळ सरकवून वाढायला लागले. मी तिसरी शिकलेली बाई, पण नवऱ्याची अब्रू कुठं झाकायची ते मला शिकवावं लागलं नाही.

आणि हा माणूस म्हणत होता, दसऱ्याच्या सामन्यात उतरायचं!

आमच्या तालुक्याच्या गावाबाहेर दगडाची जुनी खाण आहे. तिथं रायफल क्लब होता. निवृत्त फौजी, पोलीस, दोन-चार बागायतदार. दर दसऱ्याला तिथं तीन हत्यारांचा सामना व्हायचा. आधी रायफल, मग पिस्तूल, मग बाराबोर, एकाच फेरीत, घड्याळ लावून. माणसं जोडीनं उतरायची. एकानं नेम धरायचा, दुसऱ्यानं मागं उभं राहून एकेक हत्यार हातात द्यायचं, आणि झाडून झालं की ते रिकामं आहे का बघून पंचाला सांगायचं. आमचे हे, सुभेदार रंगराव मोहिते, म्हटलं की सारी खाण गप्प व्हायची. यांचा जुना जोडीदार लेकाकडं नागपूरला राहायला गेला, तेव्हा मला वाटलं, सुटलो. तर म्हणाले, "यंदा जोडीदार तू."

"मी? लोक काय म्हणतील?"

"लोक तुला काय म्हणणार? तुझ्या तोंडाला अख्खी खाण भिते."

ते खरं होतं. पण मी हो म्हटलं ते वेगळ्याच हिशेबानं. मागं मी असले तर यांचं चुकलेलं झाकता तरी येईल.

रविवारी खाणीत गेलो. रायफल आणि पिस्तुलं क्लबची, लोखंडी कपाटातली. सामन्याआधी ज्यानं त्यानं आपलं हत्यार निवडायचं आणि हाताला लावून घ्यायचं. कुंभार सर म्हणून शाळेतले एन.सी.सी.चे मास्तर होते, तेच पंच. त्यांनी यांची नेहमीची रायफल पुढं केली. जड, लांब नळीची.

"ती नको," हे म्हणाले. "ती आखूड द्या."

"सुभेदारसाहेब, ती पोरींच्या सरावाची."

"असू दे. हौसा, धर. जड आहे का बघ."

"मी धरून काय कळणार? झाडणार तुम्ही."

"सारखी उचलून मला तूच देणार ना? तुझे हात भरून आले तर माझी पंचाईत."

मी धरली. हलकी होती, हातात बरी बसली. पिस्तुलाचंही तेच. यांनी माझ्या पंज्यात तीन-चार पिस्तुलं देऊन बघितली आणि सगळ्यात बारीक मुठीचं घेतलं. काडतुसंही हलकी मागितली, कमी धक्क्याची. हे सगळं बघत जाचक फौजदार पानाचा तोबरा भरून उभे होते. रिटायर होऊन दहा वर्षं झाली तरी मिशीतला फौजदार उतरला नव्हता. दरसाल दुसरे यायचे आणि दरसाल त्याचं खापर वाऱ्यावर फोडायचे.

"काय सुभेदार," ते म्हणाले, "यंदा वहिनींना आणलंत. वारा अडवायला का?"

"वारा तुम्हालाच लागतो भावजी," मी म्हटलं. "आमच्याकडं सरळ येतो, सरळ जातो."

माणसं हसली. जाचकही हसले. पण मग त्यांची नजर त्या आखूड रायफलीवर गेली, आणि ते हसू मला आवडलं नाही. त्यात कीव होती.

मग रायफलीची माशी लावायची. माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा बारीक दांडा, शिस्त त्याच्यावर धरायची. हे म्हणाले, "चाप माझ्या बोटाला नीट कळेना झालाय. तू झाड. सर मागचे स्क्रू फिरवतील. मी कान देतो."

"कानानं नेम कळतो?"

"मला कळतो."

मी आडवी झाले आणि झाडली. बंदूक मला नवी नव्हती. हे फौजेत असताना भुईमुगात रानडुकरं शिरायची. परवाना सासऱ्यांच्या नावावर. ते दम्याचे, खाली शेकोटीला खोकत बसायचे आणि मी राखणीच्या माळ्यावर, बाराबोर घेऊन. दस्ता खांद्याला बसायचा नाही इतका लांब, मग काखेत दाबून झाडायची. काख काळीनिळी व्हायची. गावात बोलायचे, सुभेदाराच्या बंदुकीला डुकरं भितात. सुभेदार तेव्हा लडाखात होते.

सरांनी कागद बघितला, स्क्रू फिरवला, पुन्हा झाड म्हणाले. चार वेळा असं केल्यावर गोळ्या काळ्या ठिपक्यात एका जागी बसायला लागल्या. "झाली बघा काकू, पक्की लागली," सर म्हणाले. मला वाटलं, रायफल सरळ झाली. एकदा सरळ झाली की कुणीही धरावी. काठी सरळ केली की ती सगळ्यांनाच सरळ, तसं.

घरी आल्यावर यांनी नवंच काढलं. बाराबोरच्या दोन नळ्यांच्या मधल्या पट्टीवर रुपया ठेवायचा, आत खोटं काडतूस, आणि चाप ओढायचा. रुपया पडता कामा नये.

"हे मी का करायचं?"

"चाप गुळगुळीत आहे का, ते कळतं."

"तो रोज वेगळा होतो की काय?"

"होतो."

रोज सकाळी शेणसडा झाला की मी उभी. मोठी सून तोंडाला पदर लावून हसायची, तिला दोनदा सुनावलं. पहिल्यांदा रुपया पडायचा, मग पडेना झाला. हे ऐकत बसायचे. रुपया नाही वाजला की म्हणायचे, "हं."

एकदा मी धीर केला. म्हटलं, "यंदा राहू द्या. पुढच्या सालाला बघू."

"का?"

का ते मला म्हणता येईना. "पाय दुखतात माझे," म्हटलं.

"पाय तुझे आखडले असतील माझ्यासारखे," म्हणाले, आणि माझ्या गुडघ्यावर थोपटलं. "नाव द्यायचं म्हणजे द्यायचं, हौसा. यंदाच."

माझ्या डोळ्यांपुढं दिसायचं ते एकच. सारा तालुका उभा आहे, हे नेम धरतायत, निशाणाच्या पाट्या जागच्या हलत नाहीत, आणि जाचक फौजदार कीव करून हसतायत. डोळ्यांचं मी काही करू शकत नव्हते. पण बंदूक तरी यांच्या मापाची असावी. ज्या दस्त्याची खांद्याला सवय, तो असला तर अंदाजानं तरी हवेत उडवलेली एखादी मातीची चकती फुटेल. म्हातारपणाचा हट्ट म्हणून यांनी तो तुकडा काढला, असंच मी धरून चालले होते.

खंडेनवमीला सकाळी हे मळ्यात झेंडू आणायला गेले. मी बाबालाल मिस्त्रीला बोलावून घेतलं. सुतारकामातला चांगला माणूस. तुकडा मी गहू भरायच्या कणगीमागं जपून ठेवला होता.

"सुभेदारांनी सांगितलंय का?" त्यानं विचारलं.

"मी सांगतेय ते पुरेना का?"

"तसं नव्हं आक्का, त्यांनीच काढलाय म्हटल्यावर..."

"बाबालाल, तुझ्या घरात कोण सांगतं?"

"बायको."

"मग बसव."

त्यानं मुकाट्यानं बसवला, वर रबर लावलं. हे येईपर्यंत बंदूक देवघरात पाटावर होती, हळदकुंकू लागलेली, झेंडूची माळ घातलेली. खंडेनवमीला पुजलेलं हत्यार आमच्यात दसरा उजाडेपर्यंत कुणी हलवत नाही. यांनीही हलवलं नाही. लांबूनच हात जोडले. सकाळी मीच ते उचलून पिशवीत घातलं.

खाणीत त्या दिवशी मंडप होता, पेढे होते, भोंगा होता. जाचकांची जोडी आमच्या आधी उतरली आणि झकास झाडून गेली. मग भोंग्यावर कुंभार सरांचा आवाज आला, "मोहिते जोडी. तयारीला तीन मिनिटं."

टेबलावर तिन्ही हत्यारं मांडली. माणसं दोरीच्या पलीकडं दाटली होती. यांनी बाराबोर उचलली, उघडली, आत बोट घालून रिकामी असल्याची खात्री केली आणि माझ्यापुढं धरली.

"खांद्याला लाव. एकदा बघून घेऊ."

"माझ्या खांद्याला कशाला?"

"मग कुणाच्या?"

मला काही समजेना. "झाडणार कोण?"

"तू," हे म्हणाले. "मी जोडीदार."

खाणीतला मंडप, माणसं, सगळं लांब गेलं. आखूड रायफल. बारीक मुठीचं पिस्तूल. हलकी काडतुसं. माझ्या डोळ्याला लावलेली माशी. रोजचा रुपया.

"डोळ्यांचं तुम्हाला..." मी म्हटलं.

"माझे डोळे आहेत, मला कळणार नाही? शिमग्यापासून मधोमध काळं आहे. तू भाजी भाकरीजवळ सरकवायला लागलीस तेव्हा कळलं, की तुलापण कळलंय."

"मग बोलला का नाही? मला आधी सांगितलं असतं तर..."

"तर आली असतीस?"

"नसते आले."

"म्हणून."

"दोन मिनिटं," भोंग्यावर सर म्हणाले.

"लाव खांद्याला," हे म्हणाले. मी लावली. लांब. दस्त्याचं बूड दंडाबाहेर निघालं, मान ताणली तरी गाल लाकडाला टेकेना. तीच काखेतली जुनी बंदूक. यांनी हात फिरवला आणि अंगठा तुकड्याच्या सांध्यावर येऊन थांबला.

"हा परत कुणी लावला?"

"मी."

"कशाला?"

"तुमच्यासाठी," मी म्हटलं, आणि मला रडू आलं. चारचौघांत, दसऱ्याच्या दिवशी. "तुमची शोभा होऊ नये म्हणून."

हे आधी थक्क झाले. मग हसायला लागले. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. दोरीपलीकडून जाचक ओरडले, "काय सुभेदार, बंदुकीला गुदगुल्या झाल्या का?"

"मालकिणीनं पाहुणचार केलाय तिचा!" हे तिकडं ओरडले. मग बसकण मारली, खिशातून पेचकस काढला, दस्ता मांडीवर घेतला. मी खाली वाकले. "द्या, मी काढते."

"राहू दे. माझ्या अंगठ्याला डोळे फुटलेत हल्ली." रबर निघालं. पहिला स्क्रू निघाला. मान वर न करता हे हळू बोलत होते, मला एकटीलाच ऐकू येईल असं. "रजेवर आलो होतो एकदा. आठवतं? तुला सांगितलं नव्हतं, बांधापर्यंत येऊन थांबलो होतो. चांदण्यात तू माळ्यावरनं झाडलीस. पळत्या डुकरावर, बंदूक काखेत दाबून. असा नेम मी पलटणीत नाही बघितला. आणि गाव म्हणतंय सुभेदाराची बंदूक. मीपण गप्प बसलो. बरं वाटायचं ऐकायला." दुसरा स्क्रू निघाला. "तुला मापाची बंदूक कधी मिळाली नाही, हौसा. आता मला दिसत नाही ते जाऊ दे. लोकांना तरी दिसू दे."

तुकडा त्यांनी खिशात टाकला, रबर परत आवळलं आणि उठले. मी खांद्याला लावली. गाल आपोआप लाकडावर आला.

"वेळ झाली," सर म्हणाले. "नेमबाज कोण?"

"हौसाबाई रंगराव मोहिते," हे मोठ्यानं म्हणाले. भोंग्याची गरज पडली नाही.

दोरीपलीकडं कुजबूज उठली. एकदोन जण हसले. मी डोळे पुसले, पदर कमरेला खोचला, कानात कापूस घातला. यांनी रायफल हातात दिली.

रायफलीला पाच पाट्या होत्या, लांब, चहाच्या बशीएवढ्या. चार पडल्या. पाट्या लोखंडी, पडताना टण्ण वाजायच्या, आणि प्रत्येक टण्ण झाला की मागून यांचा "हं" यायचा. पिस्तुलाला तीनच पडल्या. पिस्तूल मला आजही आवडत नाही, चोराचं हत्यार आहे ते. मग बाराबोर. मातीच्या चकत्या यंत्रातून हवेत उडायच्या, दोन दोन करून सहा. यांनी काडतुसं माझ्या तळव्यावर ठेवली. कापसातून मला फक्त माझाच श्वास ऐकू येत होता. खांद्यावर लाकूड असं बसलं होतं, की ते आहे हे मला आठवावं लागत होतं. काखेला काही झालं नाही. धक्का आला आणि अंगातून निघून गेला.

शेवटची झाडून मी बंदूक उघडली आणि मागं वळून यांच्यापुढं धरली. नियमाप्रमाणे जोडीदारानं आत बघून सांगायचं. यांनी दोन्ही नळ्यांच्या तोंडात करंगळी घातली, नीट फिरवली. कुंभार सरांनी ते बघितलं. डोळ्यांनी का बघत नाही म्हणून विचारलं नाही. मान खाली घालून थांबून राहिले.

"रिकामी," हे म्हणाले.

आम्ही तिसरे आलो. जाचक पहिले आले. एवढ्या वर्षांनी आले, पण पेढा खायच्या आधी माझ्याकडं चालत आले. म्हणाले, "वहिनी, त्या वाऱ्याला आमचा नमस्कार सांगा." त्या हसण्यात मला खोट काढता आली नाही. मी पुष्कळ शोधली.

माणसं मंडपाकडं गेली. आम्ही खाणीच्या कडेला लिंबाखाली बसलो. मी पाण्याची बाटली यांच्या हातात दिली. यांनी ती मांडीवर धरली. मग म्हणाले, "पाट्या ऐकू आल्या. चकत्यांचं काही कळेना. लोक ओरडले, पण कशाला ओरडले ते समजेना."

एरवी मी म्हटलं असतं, मग कान कशाला दिलेत. जिभेवर आलंच होतं. मी यांच्याकडं बघितलं. हे माझ्याकडं तोंड करून बसले होते, आणि नजर माझ्या कानाच्या बाजूला कुठंतरी, जिथून मी त्यांना दिसत असेन तिथं.

"सांगते," मी म्हटलं. "पहिली डावीकडून आली. खाणीच्या कपारीवरनं वर चढली, उन्हात."

"रंग?"

"नारिंगी. आत काळी कड. मी जरा थांबले. वर जाऊन ती डगमगली, तेव्हा ओढला. पीठ झालं तिचं. धूर कसा जातो तसं उडालं, जाचकाच्या बाजूला."

"आणि दुसरी?"

"दुसरी चुकली."

"मान उचललीस?"

"उचलली. तुम्ही बघताय का ते बघायला."

हे हसले, पाण्याचा एक घोट घेतला आणि झाडाला पाठ टेकून आरामात बसले.

"हं," म्हणाले. "तिसरी सांग."